शिवडीतल्या जुन्या लेथचे हट्टी बोल्ट : एक प्रकरण

शिवडीला एक जुनी औद्योगिक इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यातली लहान यंत्रं अंबरनाथच्या नव्या जागेत पोहोचली होती. मागे राहिला होता सहा फुटी बेडचा (बैठकीचा), इंग्लिश धाटणीचा एक जुना लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र. मालवाहू लिफ्टवर ५०० किलोची मर्यादा लिहिलेली. अख्खा लेथ त्यातून जाणं शक्यच नव्हतं. सामान हलवणाऱ्या कंत्राटदाराची माणसं बघून गेली आणि म्हणाली, पाय कापू, खाली नेऊ, तिकडे वेल्डिंग करून उभा करून देऊ. मालकांनी नकार दिला, आणि तो योग्य होता. पाय बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. गॅस कटरने बीड धड कापलं जात नाही, आणि कसंबसं कापून पुन्हा जोडलं तर वेल्डिंगच्या कडेने तडा जायची भीती कायमची राहते. म्हणून यंत्र एकेक बोल्ट काढून सुटं करायचं ठरलं आणि त्यासाठी मला बोलावणं आलं.

मालकांच्या वडिलांनी हा लेथ एका कापड गिरणीच्या लिलावात घेतला होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या दुरुस्ती खात्यांतली यंत्रं भंगाराच्या भावाने बाहेर पडली. लालबाग-परळपासून कुर्ल्यापर्यंतच्या कितीतरी गाळ्यांनी अशाच यंत्रांवर पोट भरलं. या लेथची नावाची पाटी घासून सपाट झालेली. लीडस्क्रू (हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा, चक (काम पकडणारा जबड्यांचा भाग) स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, नाकावर आट्यांनी चढवलेला, हेडस्टॉकला (स्पिंडल धरणाऱ्या भागाला) पायऱ्यांची कोन पुली आणि वेग कमी करणारा बॅक गिअर. हे यंत्र आजही रोज काम देतं. नव्या लेथचा भाव बघता गाळ्याचा व्यवसाय त्याच्यावरच उभा आहे.

सुरुवातीला एक निर्णय घेतला, तो असा की हेडस्टॉक बेडवरून काढायचा नाही. हेडस्टॉक बेडला ज्या रेषेत बसवलेला असतो ती रेष हीच लेथची खरी किंमत. तो एकदा हलवला की टेस्ट बार (रेष तपासायची सळई) आणि डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) लावून पुन्हा जुळवत बसावं लागतं, आणि जुन्या झिजलेल्या बेडवर ते काम भल्याभल्यांना घाम फोडतं. चक, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार), सॅडल (बेडवर सरकणारा भाग), एप्रन (सॅडलपुढची गिअरपेटी), लीडस्क्रू, फीड रॉड (सॅडल आपोआप सरकवणारी दांडी), मोटर आणि पाय उतरवले तर बेड आणि हेडस्टॉक मिळून मर्यादेत बसतील असा अंदाज होता. पुढे चेन कप्पीला काटा लावून त्याची खात्री केली.

काम करायला मालक, त्यांच्याकडे आयुष्य काढलेले टर्नर मेस्त्री, आयटीआय करून नुकताच लागलेला एक मुलगा आणि मी. पहिल्याच सकाळी मुलाने लांब पाइप शोधून आणला, पान्याला लावायला. मेस्त्रींनी तो त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवला. "अरे, आधी बघ तरी त्याला कशानं धरलंय."

माझ्याही मते सगळं काम तिथूनच सुरू होतं. न सुटणारा प्रत्येक बोल्ट एकाच कारणाने अडलेला नसतो. एक गंजाने बसलेला असतो, दुसरा रंगाच्या थरांनी, तिसऱ्यात चुकीच्या आट्यांचा बोल्ट कोंबलेला असतो, चौथा मुळात आट्यांचा नसून निमुळती पिन असते. कारण ओळखलं की उपाय बहुतेक वेळा सरळ निघतो. दुसरी तपासणी तितकीच महत्त्वाची. जोर लावल्यावर काहीतरी तुटणारच असेल, तर ते काय असेल? बोल्ट तुटला तर मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात दुसरा मिळतो. बीडाचा कान तुटला, आटे उखडले किंवा गिअरचा दात गेला, तर या यंत्राचा सुटा भाग जगात कुठेही विकत मिळत नाही.

पान्याचा घोळ

जवळपास सगळे बोल्ट व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये मांडलेले हे ५५ अंशांचे आटे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा असला, तरी जुन्या यंत्रांच्या अंगात इंच आणि सूतच आहे, आणि मुंबईच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या इंचाच्या बोल्टला आजही चार सुती म्हणतात. अडचण डोक्याच्या मापाची येते. व्हिटवर्थ पान्यावर बोल्टचा व्यास लिहिलेला असतो, पान्याच्या जबड्याचं माप नव्हे. चार सुती बोल्टचं जुनं डोकं समोरासमोरच्या बाजूंमध्ये ०.९२ इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर भरतं. त्यावर २४चा पाना बसतो, पण अर्धा मिलिमीटरहून जास्त ढिला. हलक्या आवळलेल्या नटला तेवढं चालून जातं; गंजलेल्या नटवर तोच पाना कोपरे खातो. शिवाय दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये ही डोकी एक माप लहान केली गेली, त्यामुळे नंतरच्या चार सुती बोल्टचं डोकं ०.८२ इंच, म्हणजे २०.८ मिलिमीटरचं असतं. या लेथवर दोन्ही प्रकार होते. पायांचे बोल्ट जुने, मोटरच्या ब्रॅकेटचे नंतर कोणीतरी बदललेले.

पायांच्या नटांपैकी काहींची कोपरं पूर्वीच्या कोणीतरी २४च्या पान्याने गोल करून ठेवली होती. मालक म्हणाले, पाइप पान्याने धरू. मी थांबवलं. पाइप पाना जसा जोर घेतो तसा नटला दाबत जातो, आणि गंजलेला नट आटे आणखी आवळून धरतो. नागदेवी स्ट्रीटवर आणि चोर बाजारात जुने इंग्लिश रिंग पाने शोधले तर सापडतात. तिथून अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ रिंग पाना आणला. ज्या नटांची कोपरं थोडीच गेली होती त्यांच्या कडा कानशीने साफ केल्यावर तो हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने घट्ट बसला. जुनं इंग्लिश यंत्र हाताळायचं असेल तर सगळ्यात आधी योग्य मापाच्या पान्यावर खर्च करावा. तेल, उष्णता, हातोडी ही सगळी पुढची गोष्ट.

पाय सोडवताना

पायांचे बोल्ट आरपार होते. वरून बेडच्या कडेतून आत, खालून वायसर आणि नट. कापताना थंडावा द्यायला सोडतात ते दूधपाण्यासारखं कूलंट वर्षानुवर्षं तिथेच ठिबकलेलं, वरून शिवडीची खारी हवा आणि मुंबईचा पावसाळा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली बारीकशी फट तो भरून टाकतो आणि दोन्ही बाजूंना दाब देत बसतो. त्याला आतून भुगा करायचा असतो, नुसतं ओलं करून भागत नाही.

तारेच्या ब्रशने उघडे आटे घासले, नट आणि वायसरच्या कडेचा रंग छिन्नीच्या टोकाने कापला. रंगाचा हा थर लोक विसरतात, आणि तो तेल आतच जाऊ देत नाही. मग गंज सोडवणारं तेल. दुकानात मिळणारे स्प्रे चालतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३चं मिश्रण मुळात ओलावा हटवून गंज टाळण्यासाठी तयार झालेलं. हट्टी नटासाठी खास त्याच कामाचं तेल बरं. आम्ही ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून वापरलं. ते दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते, आणि ॲसिटोन झपाट्याने पेट घेतं. सकाळ-संध्याकाळ तेल घालायचं आणि नटच्या सपाट बाजूंवर हातोडीने आळीपाळीने ठोके द्यायचे, हा क्रम काही दिवस चालू ठेवला. ठोक्यांनी ठिसूळ गंज फुटतो आणि तेलाला वाट मिळते. अंबरनाथला विजेचं काम बाकी होतं, म्हणून ही सवड मिळाली. सवड नसती तरी मी ती मागून घेतली असती.

सोडवताना पहिला झटका आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. तिथे कट्‌ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली असं समजावं. मग पाव फेरा मागे, पुन्हा थोडा पुढे, पुन्हा तेल. नट आला म्हणून सलग फिरवत सुटलं तर सुटा गंज आट्यांत कोंबला जातो आणि अर्ध्यावर नट पुन्हा अडतो.

एवढ्याने जे आले नाहीत त्यांना उष्णता दिली. तेल पूर्ण पुसून घेतलं, ॲसिटोनची बाटली गाळ्याबाहेर ठेवली, वाळूची बादली जवळ घेतली, कॉटन वेस्ट हटवलं. पोलाद दर अंशाला साधारण एक कोटीत १२० भाग वाढतं. म्हणजे चार सुती नट बोल्टपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला तर त्याचं भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. एवढीशी सवड पुरते, पण बोल्ट तापायच्या आत नट तापला पाहिजे. म्हणून लहान पण तीव्र ज्योत, फक्त नटवर. बीडाच्या कानावर ज्योत रेंगाळू द्यायची नाही. एकाच जागी तापलेलं बीड आतल्या ताणाने तडकतं. नट गरम असतानाच आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं जातं आणि तिथे वंगणाचं काम करतं. नट किंचित निवला की पाना.

एका नटची कोपरं इतकी गेलेली होती की त्यावर काहीच धरत नव्हतं. तिथे वेळ घालवला नाही. ग्राइंडरने नटच्या एका बाजूला आट्यांच्या जवळपर्यंत उभा काप घेतला आणि छिन्नीच्या फटक्याने नट उकलला. आरपार बोल्ट असेल तर हे बिनधास्त करावं, कारण आटे नटमध्ये आहेत, यंत्रात नाहीत. याच्या उलट, बीडात आटे पाडून बसवलेल्या बोल्टला वेळ कितीही लागला तरी देत राहावा. जागा दिसायला सारखी असते, म्हणून आधी आरसा आणि टॉर्च घेऊन मागे नट आहे का ते पाहायचं.

निमुळत्या पिना

मला सर्वात जास्त काळजी होती ती लीडस्क्रू आणि फीड रॉडच्या कॉलरमधल्या (दांडीवर बसवलेल्या कड्यांमधल्या) टेपर, म्हणजे निमुळत्या, पिनांची. यांना आटे नसतात, डोकं नसतं. दोन्ही टोकं कॉलरच्या सपाटीला घासून टाकलेली, वर रंगाचे थर. अनेक माणसांना पिन आहे हेच कळत नाही आणि ती कॉलर पुलरने ओढत बसतात. आम्ही कॉलरवरचा रंग पातळ करणाऱ्या द्रवाने उतरवला, बारीक पॉलिश पेपर मारला, रॉकेलचा बोळा फिरवला. दोन फिकट गोल दिसले.

इंच मापाच्या टेपर पिनांचा उतार एकास ४८ असतो, मेट्रिक पिनांचा एकास ५०. दीड इंच लांबीच्या पिनेत दोन्ही टोकांच्या व्यासात फरक पडतो जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसेलच असं नाही, त्यामुळे दोन्ही टोकं व्हर्निअरने मोजल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. लहान टोकावर ठोकली तर पिन बाहेर येते, मोठ्या टोकावर ठोकली तर आणखी घट्ट बसते. आणि एकदा उलट्या बाजूने ठोकलेली पिन पुढच्या माणसाला नको जीव करून सोडते.

ठोक्याची पद्धतही वेगळी. इथे लहान हातोडीचे दहा फटके नुकसान करतात. प्रत्येक हलक्या फटक्याने पिनेचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि पसरलेलं टोक भोकातून जात नाही. पहिला फटका जड हातोडीचा हवा, पंच पिनेच्या टोकापेक्षा किंचित लहान आणि आखूड हवा, आणि खाली आधार भक्कम हवा. लीडस्क्रू हवेत लोंबकळत असेल तर सगळा धक्का त्याला वाकवण्यात जातो. आम्ही कॉलरखाली व्ही-ब्लॉक आणि त्याखाली जड लोखंडी ठोकळा दिला. मेस्त्रींनी तिथे हातोडी मुलाच्या हातात दिली. "एकदाच मार, पण मनापासून." त्याने मारली आणि पिन हलली. उतार असल्यामुळे एवढी हालचाल पुरते. एखादा मिलिमीटर सरकली की पिन चारी बाजूंनी मोकळी होते आणि हाताने निघते.

फीड रॉडच्या पिनेचं लहान टोक पूर्वीच कोणीतरी ठोकून पसरवलेलं होतं. तिथे हातोडी लावली नाही. पसरलेला भाग कानशीने काढला, मग मोठ्या टोकात ३.३ मिलिमीटरचं भोक घेऊन ४ मिलिमीटरचे आटे पाडले. या पिना साध्या नरम पोलादाच्या असतात, त्यामुळे टॅप (आटे पाडायचं हत्यार) सहज चालतो. वर पाइपचा तुकडा उभा ठेवला, त्यावर जाड वायसर, त्यातून बोल्ट, आणि नट आवळत पिन ओढली. ताण भरल्यावर दुसऱ्या बाजूने पंचावर एक ठोका. पिन आली, भोक जसंच्या तसं राहिलं. पसरलेल्या पिनेवर मी तरी हीच पद्धत आधी वापरतो.

फीड गिअरच्या एका कॉलरचा प्रकार यापेक्षा साधा पण फसवा होता. ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) काढला, पुलर लावला, कॉलर जागची हलेना. भोकात टॉर्च मारून पाहिलं, तर तळाशी आणखी एक खाच चमकत होती. एकावर एक दोन ग्रब स्क्रू. वरचा खालच्याला सैल होऊ देत नाही, म्हणून जुने कारागीर हे मुद्दाम करत. पुलर तसाच आवळत राहिलं असतं तर खालच्या स्क्रूच्या टोकाने शाफ्टवर लांब ओरखडा काढला असता. ग्रब स्क्रू काढल्यावर रिकाम्या भोकात बघायला दहा सेकंद लागतात.

एप्रन धरणारे खाचेचे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने फिरणाऱ्या पेचकसाने, निघाले. त्याबद्दल एवढंच सांगतो की खाचेतला रंग आणि कीस टोकदार सुईने पूर्ण काढा, आणि ड्रायव्हरचं पातं घासून खाचेच्या तळापर्यंत जाईल असं समांतर करा. पाचरीसारखं पातं वर उचलून खाच फाडतं. शेवटचा स्क्रू काढण्याआधी एप्रनखाली लाकडी ठोकळे द्यायलाच हवेत. नाहीतर त्याचं वजन लीडस्क्रूवर पडतं.

मोटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट सुरुवातीला सुटला, मग फिरता फिरता प्रत्येक फेऱ्याला जड होत गेला. गंज असा वागत नाही. सुटल्यावर तो हलका होत जातो. निघाल्यावर आटे मोजले तर इंचाला १३. व्हिटवर्थचे चार सुती आटे इंचाला १२ असतात, अमेरिकन यूएनसी या मापाचे १३. दोन-तीन फेरे आत गेल्यावर कोणीतरी त्याला पान्याने रेटलेला. असा बोल्ट अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, भरपूर तेल, या चालीनेच काढावा, म्हणजे भोकातले आटे तरी वाचतात. तीन सुतीत दोन्हींचे आटे १६ असल्याने ही गडबड तिथे इतकी उघड होत नाही.

चक

चक कित्येक वर्षं उतरवलेला नव्हता. बॅक गिअर आणि सरळ ड्राइव्ह एकाच वेळी गुंतवून स्पिंडल अडकवायचा आणि चकला झटका द्यायचा, ही पद्धत मुंबईत सर्रास चालते आणि मला तिचा मनापासून राग येतो. तो सगळा झटका गिअरच्या दोन-चार दातांवर येतो, आणि ते दात बीडाचे आहेत. अनेक जुन्या लेथच्या बॅक गिअरमध्ये भरून काढलेले दात दिसतात ते याच पद्धतीचे बळी.

आम्ही बेडवर फळी टाकली, मागच्या बाजूला चकच्या जॉखाली (जबड्याखाली) सागाचा ठोकळा उभा केला, बॅक गिअर पूर्ण मोकळा ठेवला आणि कोन पुली हाताने झटक्यात उलटी फिरवली, म्हणजे जॉ ठोकळ्यावर आदळेल. आधी आदल्या रात्री स्पिंडलच्या मागच्या बाजूने आणि चकमागच्या बॅकप्लेटच्या फटीत तेल सोडलेलं होतं. नुसत्या हाताने आला नाही. मग चकमध्ये जाड षटकोनी सळई घट्ट धरली, कोन पुलीला चामडी पट्टा गुंडाळून लाकडी दांड्याने अडवला, आणि बॅकप्लेटला हॉट एअर गनने हात लावता येणार नाही इतकीच ऊब दिली. स्पिंडल आतून तुलनेने थंड राहतो, त्यामुळे थोडी सवड मिळते. ज्योत मात्र इथे नाही, मागे गनमेटलचे बेअरिंग आणि तेल आहे. सळईला मोठा पाना लावून त्याच्या टोकावर शिशाच्या हातोडीचा आखूड फटका मारला आणि चक सुटला. पट्टा वापरण्याचा फायदा असा की जोर जास्त झाला तर तो घसरतो, काही तुटत नाही.

सॅडलखालचा तुटका स्टड

सॅडल उतरवून टेबलावर उलटा केला तेव्हा मागच्या पकडपट्टीच्या एका भोकात पुटी भरून रंग मारलेला सापडला. पुटी खरवडली तर आत तीन सुती स्टड (आटे पाडलेला बिनडोक्याचा बोल्ट), पृष्ठभागाच्या किंचित खाली तुटलेला. म्हणजे कोणे एके काळी तुटला आणि पट्टी एक बोल्ट कमी ठेवून चालवली गेली. मालक म्हणाले, "एवढी वर्षं चाललंय, राहू द्या." माझं मत वेगळं होतं. जड कापात सॅडलची मागची कड उचलू नये म्हणूनच ही पट्टी असते, आणि सॅडल असा उलटा मोकळा पुन्हा कधी मिळणार?

अशा वेळी पहिला विचार येतो इझी-आउटचा. बाजारात मिळणारा हा उलट्या पिळाचा काढणारा गंजलेल्या स्टडमध्ये तुटला, तर तो इतका कठीण पोलादाचा असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, आणि मग सॅडल घेऊन विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या स्पार्क इरोजनवाल्याकडे जावं लागतं. शिवाय तो जितका आत रुततो तितका स्टडला बाहेरच्या बाजूला फुगवतो. जो स्टड जोराने तुटला, तो त्याहून लहान अवजाराने निघेल हे मला पटत नाही. तुटक्या टोकावर नट वेल्ड करून काढणं ही पद्धत चांगली, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. पण इथे स्टड पृष्ठभागाखाली होता आणि भोकाच्या भिंती बीडाच्या. रॉड भिंतीला लागला असता तर कड कडक होऊन बसली असती.

राहिलं ड्रिलिंग. त्यात मुख्य अडचण मध्य साधण्याची. स्टड पोलादी, भोवती बीड. ड्रिलला बीड कापायला सोपं जातं, त्यामुळे जरा मध्य चुकला की ते बीडाकडे पळतं आणि आटे खातं. तुटलेला पृष्ठभाग तिरका असल्याने सेंटर पंचही घसरतो. उपाय यंत्रातच होता. पकडपट्टीचं स्वतःचं आरपार भोक त्या स्टडच्या बरोबर मध्यावर येतं. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर पट्टीच्या भोकात चपखल बसेल असा बुश (छोटी नळी) टर्न करून घेतला, आतून ५ मिलिमीटर. पट्टी उरलेल्या बोल्टांनी जागेवर आवळली, बुश बसवला आणि त्यातून कमी वेगाने ड्रिल सोडलं. भोक मधोमध गेलं. मग तसाच दुसरा बुश, आतून ७.२ मिलिमीटरचा.

तीन सुती व्हिटवर्थच्या आट्यांचा तळाचा व्यास सुमारे ७.५ मिलिमीटर असतो, म्हणजे आता स्टडची जेमतेम सालच उरली होती. तेल घालून ती भिजू दिली, मग टोकदार स्क्रायबरने वरची कड आत ढकलली आणि बारीक पकडीने आट्यांचं वेटोळं ओढलं. तुकड्या-तुकड्यांत आलं. मुलाने हे काम मागून घेतलं आणि मान खाली घालून संध्याकाळपर्यंत केलं. मेस्त्री मधूनमधून टॉर्च धरायचे, बोलायचे काही नाही. शेवटी १६ आट्यांचा व्हिटवर्थ टॅप हाताने फिरवला. भोक आंधळं होतं, म्हणून तळापर्यंत जाणारा तिसरा टॅप, आणि तोही साफसफाईपुरता; जिथे जड लागला तिथे जोर न लावता मागे घेऊन कीस फुंकला. मूळ आटे शाबूत निघाले.

अंबरनाथला

प्रत्येक बोल्ट काढल्याबरोबर त्याच्याच भोकात दोन फेरे परत लावला होता, आणि जो लावता येत नव्हता तो चिठ्ठीसह पिशवीत. आट्यांच्या या खिचडीत सगळे बोल्ट एका डब्यात टाकले असते तर जोडताना पुन्हा कोणीतरी १३चा बोल्ट १२च्या भोकात रेटला असता. पायांसाठी नवे चार सुती व्हिटवर्थ बोल्ट आणले, सगळ्या आट्यांना ग्राफाइट मिसळलेलं ग्रीस लावलं, टेपर पिनांची भोकं पुसून पिना कोरड्याच हलक्या हाताने बसवल्या. पसरलेल्या पिनेच्या जागी नवी घेतली, तिचं लहान टोक खूण करून कॉलरवर बाण कोरला.

हेडस्टॉकच्या खालच्या बोल्टांना आणि बेडच्या टोकाशी लीडस्क्रूचं ब्रॅकेट धरणाऱ्या दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या) पिनांना कोणीही हात लावला नाही. त्या पिनाही हट्टी असणारच, पण त्या काढण्याची गरज नव्हती आणि त्यांच्यावरच लीडस्क्रूची रेष अवलंबून आहे. बेड पायांवर ठेवल्यावर नट हातानेच आवळले, मशीन लेव्हलने दोन्ही दिशा जुळवल्या, मग पान्याने थोडे थोडे करून आळीपाळीने आवळले आणि प्रत्येक वेळी लेव्हल पुन्हा पाहिली. नवं काँक्रीट बसत जातं, त्यामुळे काही आठवड्यांनी लेव्हल पुन्हा तपासायचं मालकांना सांगून ठेवलं आहे. तो रिंग पाना मेस्त्रींनी लेथच्या शेजारच्या भिंतीवर टांगला, खाली खडूने लिहून : चार सूत, फक्त या मशीनसाठी.